अकरा नावं, बारा फोटो

१

"ही छाती माजी नाय!"

कळंबच्या हरेश्वर मेहेरांनी लिफाफा काउंटरवर असा आपटला, की बाकड्यावर बसलेल्या पेशंटांचा खोकलासुद्धा घटकाभर थांबला. बावन्न वर्षांचा, होडीवर वाढलेला माणूस. आवाज समुद्रावर हाक मारायला लागतो तेवढा.

"पंधरा दिस बायको देव पान्यात घालून बसली. पोरगी रडून रडून अर्धी झाली. नि मुंबईच्या, टाऊनच्या डाक्टरनं मोठ्या मशीनमध्ये घालून सांगितलं, मेहेर, तुमच्या फुप्फुसाला काय पन नाय झालं! मंग ही गाठ कोनाची, सांगा ना!"

काउंटरमागच्या मटिल्डा लोपीसने त्यांना पाणी दिलं, पंख्याखाली बसवलं आणि डॉक्टरांना फोन लावला. डॉ. हर्षवर्धन सावे यांनी दुसरा फोन विरारला लावला, आपल्या जुन्या प्राध्यापिकेला.

डॉ. आशालता किणी चौतीस वर्षं मुंबईच्या एका सरकारी इस्पितळात एक्स-रे वाचून निवृत्त झाल्या होत्या. काळ्यापांढऱ्या सावल्यांवर संशय घेणं हा त्यांचा धंदा होता, आणि धंदा सोडला तरी खोड काही सुटली नव्हती. भाजीवालीने वांगी पिशवीत टाकली की त्या एकेक वांगं उजेडाकडे धरून बघत.

तासाभरात त्या नालासोपाऱ्याच्या 'आरोग्यदीप' सेंटरात हजर झाल्या. लिफाफ्यातली फिल्म खिडकीला धरली. उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला रुपयाएवढी गोल सावली. टाऊनची तपासणीही पाहिली. तिथे फुप्फुसं लख्ख.

"मॅडम, मशीन नवीन आहे," डॉ. सावे कपाळ पुसत म्हणाले. "तीनच महिने झाले. कुठेतरी नावांची अदलाबदल झाली असणार. मेहेरांची माफी मागतो, विषय मिटवतो."

"मेहेरांचा विषय मिटला रे. ते वाचले." आशालताबाईंनी फिल्म खाली ठेवली. "पण सावली खरी आहे. ती कोणाच्या तरी छातीत आहेच. आणि त्या माणसाला तू सांगितलंयस की तुम्ही ठणठणीत आहात."

डॉ. सावे यांचा चेहरा उतरला.

"पंधरा दिवस गेले," त्या म्हणाल्या. "अशी गाठ आज कापून काढता येते. चार महिन्यांनी येईलच असं नाही. तो माणूस आधी शोध, मग चोर शोधू."

२

पण चोर आधी शोधायला सगळेच उत्सुक होते, आणि प्रत्येकाच्या खिशात एकेक नाव तयार होतं.

डॉ. सावे यांचं बोट फेबियन डाबरेकडे होतं. फेबियन अठ्ठावीस वर्षं एक्स-रे काढत होता. नवीन मशीन आलं आणि त्याची डार्करूम बंद झाली. आता फिल्म धुवायची नाही. प्लेटवर फोटो घ्यायचा, प्लेट मशीनच्या तोंडात द्यायची, की फोटो कॉम्प्युटरवर. तिथून फोनच्या तारेवरून डॉक्टरांच्या दादरच्या घरी. डॉक्टर रात्री जेवून वाचणार. फेबियन चारचौघांत म्हणाला होता, 'हा डबा एक दिवस कोणाचा तरी जीव घेईल.'

फेबियनचं बोट होतं उन्नतीकडे. ती बावीस वर्षांची, कॉम्प्युटरवर बसणारी. "तिनं एकदा सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याचं वय सात टाकलं होतं. विचारा तिला."

उन्नतीने ते कबूल केलं आणि वर म्हणाली, "पण मॅडम, फेबियन अंकल माझ्याशी तीन महिने बोललेले नाहीत. प्लेट देतात आणि तोंड फिरवतात. मला कळणार कसं कोणती कोणाची?"

आशालताबाईंना दोघांचाही संशय आला. जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो तेव्हा त्या बोट न बघता हात बघत.

"चित्र लाव," त्या उन्नतीला म्हणाल्या. "आणि फेबियन, तुम्ही इथेच थांबायचं."

पडद्यावर हरेश्वर मेहेर या नावाची छाती उमटली. फेबियन नाइलाजाने जवळ आला आणि बघता बघता त्याच्या भुवया वर गेल्या.

"हा फोटो मी काढलेलाच नाय."

"कशावरून?"

"ही रेघ बघा मानेजवळ. साखळी आहे. आणि हे खांद्यावर काय दिसतं? सेफ्टी पिन! मॅडम, अठ्ठावीस वर्षांत मी पिनेसकट कोणाची छाती काढली नाय. मेहेरांच्या साखळीचा आकडा गंजला होता, पाच मिनिटं खटपट करून मी काढली. विचारा त्यांना."

बाकड्यावरून मेहेरांनी मान डोलावली. आकडा तुटला होता, ते अजून विसरले नव्हते.

"मला वाटलं, मच्छीमार आहे, ताइताला पिन अडकवली असेल," डॉ. सावे पुटपुटले.

"तुला वाटलं." आशालताबाई पडद्याला नाक लावून बसल्या होत्या. "उन्नती, हे पांढरं जरा गडद होतं का? फिल्मवर एवढाच उजेड मिळतो, पण तुझ्या या डब्यात जास्त भरलेलं असतं म्हणतात."

"होतं ना." उन्नतीने माऊस ओढला. फुप्फुसं काळवंडली आणि बरगड्या उठून दिसू लागल्या.

"अजून. अजून थोडं. थांब!"

बरगड्या पुढे छातीच्या हाडाला जिथे मिळतात, तिथे पांढरे ठिपके दिसत होते. आशालताबाईंनी खुर्ची मागे सरकवली आणि तिघांकडे पाहिलं.

"इथे मऊ हाड असतं. चाळिशी उलटली की त्यात चुना भरायला लागतो. पुरुषांत तो कडेकडेने भरतो, बायकांत मधोमध. हा बघा, मधोमध." त्यांनी चष्मा काढला. "हर्षवर्धन, ही बाई आहे. अंगाने बारीक, वय चाळीसच्या पुढे. नाव हरेश्वर वाचलंस, म्हणून तुझ्या डोळ्यांनी पुरुष पाहिला."

३

मेहेरांचा फोटो निघाला त्या मंगळवारी रजिस्टरात अकरा छात्या होत्या. सहा पुरुष, पाच बायका, पाचही जणी चाळिशीच्या पुढच्या. म्हणजे त्या पाचांपैकी एकीच्या हातात मेहेरांची निरोगी छाती गेली होती आणि तिची स्वतःची मेहेरांच्या नावावर बसली होती. चुन्याची खूण प्रत्येकाच्या फोटोत दिसतेच असं नाही, म्हणून जुन्या फोटोंवर न विसंबता पाचही जणींना परत बोलवायचं ठरलं.

फोन लावायचं काम मटिल्डाने घेतलं. बारीक अंगाची, एकोणपन्नास वर्षांची बाई. साडी चोपून नेसलेली, आवाज मधाळ. काळजी कशी लपवावी हे तिच्याकडून शिकावं.

"काय नाही हो मावशी, फोटो जरा हलला होता. परत काढू या. पैसे नाही पडणार. भिऊ नका, मी आहे ना इथं."

फोन ठेवला की मात्र ती पदराने डोळे टिपायची. "मॅडम, कोणीतरी बाई घरी भाकऱ्या थापत बसली असेल हो. तिला पत्तापण नाही. मला रात्री झोप लागत नाही."

दोन दिवसांत चौघी आल्या. फेबियनने चौघींच्या साखळ्या काढल्या, फोटो घेतले, प्लेटा स्वतःच्या हाताने उन्नतीकडे दिल्या, आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा तिच्याशी बोलला. तो म्हणाला, "नीट बघ." आशालताबाई शेजारी बसून एकेक छाती वाचत होत्या. चौघीही स्वच्छ.

पाचवी येईना. ती राजोडीची बेटी रॉड्रिग्ज. फोन उचलत नव्हती. शेजारीण म्हणाली, बेटी महिनाभर खोकते आहे आणि डॉक्टरचं नाव काढलं की मागच्या दाराने वाडीत पळते. खोकला, बारीक अंग, वय त्रेपन्न. सगळं जुळत होतं.

"मी आणते तिला," मटिल्डा म्हणाली, आणि दुपारच्या उन्हात रिक्षा करून गेली. दीड तासाने बेटीला हाताला धरून घेऊन आली. रस्ताभर काय समजावलं कोण जाणे, बेटी निमूट प्लेटसमोर उभी राहिली.

पडद्यावर चित्र आलं.

बेटीची छाती स्वच्छ होती. खोकला नुसता मिरच्या कुटण्याचा होता.

डॉ. सावे यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, तसा आशालताबाईंनी त्यांच्याकडे जळजळीत कटाक्ष टाकला. पाच बायका होत्या. पाचही निरोगी. आणि तरी सहावी कुठेतरी होती.

"मॅडम," उन्नती हळूच म्हणाली, "कॉम्प्युटरमधला फोटो खोडता येतो. पण प्लेट वाचणारं मशीन आहे ना, ते स्वतःचा आकडा ठेवतं. किती प्लेटा गिळल्या, त्याचा. तो कोणाला खोडता येत नाही. बघू?"

आशालताबाईंनी या पोरीला मनातल्या मनात शंभर मार्क दिले.

उन्नतीने दोन बटणं दाबली. मंगळवारचा आकडा आला. बारा.

अकरा नावं, आणि प्लेटा बारा.

४

"वाया गेलेली असेल एखादी," डॉ. सावे म्हणाले.

"मी काढली नाय," फेबियन म्हणाला. "वाया गेली तर मी लिहून ठेवतो."

उन्नतीने मेहेरांच्या नावावरच्या चित्रामागची माहिती उघडली. फोटोची वेळ दुपारी एक सत्तेचाळीस. मटिल्डाच्या रजिस्टरात मेहेरांचं नाव एक वाजता नोंदलेलं, पण समोर शेरा होता: 'जेवणानंतर या.' फेबियनने त्यांचा फोटो घेतला अडीच वाजता. मेहेरही तेच सांगत होते.

म्हणजे मेहेरांच्या नावावर दोन फोटो निघाले होते. एक पावणेदोनला, कोणा बाईचा. दुसरा अडीचला, खरा. आणि खरा कोणीतरी खोडला होता.

आशालताबाईंनी एकेकाला बंद पडलेल्या डार्करूममध्ये बोलावलं.

फेबियन दीड ते दोन घरी जेवायला गेला होता. वाटेत चर्चजवळ स्कूटर पंक्चर झाली, पंक्चरवाला साक्षीला होता. उन्नती मैत्रिणीबरोबर स्टेशनजवळ ड्रेसचं कापड बघत होती. डॉ. सावे दादरला. उरली मटिल्डा.

"तुम्ही कुठे होता त्या वेळी?"

"इथंच. मी कुठं जाते मॅडम? दीडला दार लावलं, डबा खाल्ला."

"दार लावल्यावर कोणी पेशंट आला?"

"नाही."

"ओळखीतलं कोणी? नात्यातली बाई? रजिस्टरात न लिहिता एक फोटो काढून द्या म्हणणारी?"

मटिल्डा दुखावली. "देवाशपथ सांगते मॅडम, एक बाई इथं आली नाही. तो कंपनीचा जितेंद्र आत मशीनची तपासणी करत होता. त्याला विचारा."

आशालताबाईंना खरं बोलणारा माणूस ओळखता येत असे. मटिल्डा खरं बोलत होती, पण पावणेदोनला एका बाईची छाती त्या प्लेटवर उमटलीच होती. दार बंद असलेल्या सेंटरात ती आली कुठून आणि गेली कुठे?

शुक्रवारी जितेंद्र आला. मशीन विकणाऱ्या कंपनीचा इंजिनियर, टायबिय लावलेला, बोलण्यात चपळ. आशालताबाईंनी त्याला खुर्ची दिली, चहा दिला आणि अगदी आजीच्या मायेने विचारलं, "त्या मंगळवारी तपासणी झाली का हो व्यवस्थित?"

"एकदम फर्स्ट क्लास, मॅडम."

"कशावर घेतलीत?"

"पाण्याचा डबा ठेवतो आम्ही. प्लास्टिकचा. कंपनीचा नियम आहे."

"आणि ते मशीन नाव घातल्याशिवाय फोटो घेत नाही म्हणे. मग डब्याचं नाव काय घातलं?"

जितेंद्रचा चहा बशीत सांडला. "यादीत जे पुढचं नाव असतं ते तात्पुरतं घेतो. काम झालं की फोटो खोडतो. खोडला मी."

"प्लेटा बारा वाचल्या गेल्या. अकरा पेशंटांच्या, एक तुमच्या डब्याची. हिशेब जुळला." आशालताबाईंनी पडद्याकडे बोट केलं. "आता मला एवढंच सांगा, पाण्याच्या डब्याला बरगड्या कधीपासून फुटायला लागल्या?"

जितेंद्र बशीतला चहा रुमालाने टिपू लागला.

"डबा आणलाच नव्हतात तुम्ही. माणूस उभा केलात. ते करायची परवानगी नाही, म्हणून संध्याकाळी घाईघाईने फोटो खोडलात. मेहेरांच्या नावावर दोन छात्या होत्या, आणि तुम्हाला दोन्ही सारख्याच दिसल्या. तुम्ही उजेड-अंधार तपासणारे. बाई कोण, पुरुष कोण, पिन कुणाच्या खांद्यावर, हे तुम्हाला कोण शिकवणार? खोडायची ती राहिली, राहायची ती गेली."

"मॅडम, नोकरी जाईल माझी," जितेंद्र कसाबसा म्हणाला. "डबा गाडीत राहिला होता. एका मिनिटाचं काम होतं. कोणी पेशंट नव्हतं हो, म्हणून तर कोणाला सांगितलं नाही!"

"कोण उभं राहिलं होतं?"

जितेंद्रने काचेतून बाहेर पाहिलं. काउंटरवर मटिल्डा कोणाला तरी फोनवर समजावत होती. त्याने तिच्याकडे हात केला.

५

आशालताबाई बराच वेळ खुर्चीतून उठल्या नाहीत.

चूक साधीच होती, आणि ती मटिल्डाच करू शकत होती. पंगतीला पानं मांडणारी बाई सगळ्यांची पानं मोजते, आपलं मोजत नाही. जितेंद्र म्हणाला, 'मावशी, जरा उभ्या राहा, नुसता उजेड बघायचाय,' आणि ती घास टाकून उठली, हात धुतले, उभी राहिली, परत येऊन डबा खाल्ला. ना नाव, ना नंबर, ना रिपोर्ट. तिच्या लेखी तो फोटोच नव्हता. 'एक बाई इथं आली नाही' हे तिने शपथेवर सांगितलं, आणि ते खरं होतं. ती आलेली नव्हती; ती तिथलीच होती.

डॉ. सावे म्हणाले, "मी सांगू का तिला?"

"नको. दोन मिनिटांत रिपोर्ट वाचणारा माणूस दोन मिनिटांतच सांगेल." असं म्हणून त्या उठल्या. चौतीस वर्षं त्यांनी अशा बातम्या कागदावर लिहिल्या होत्या. तोंडाने सांगायचं काम दुसऱ्या डॉक्टरांचं असे. आज त्यांना भीती वाटत होती, आणि ती वाटते आहे याची लाजही वाटत होती.

त्यांनी मटिल्डाला आत बोलावलं, दार लोटलं. मटिल्डाने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिचे डोळे चमकले.

"सापडली ना मॅडम? सापडली ना ती?"

"सापडली."

"देवा रे!" तिने छातीवर क्रूस काढला. "कुठं राहते? लांब असेल तर मी रिक्षाने जाते. फोन नको करायला, घाबरेल बिचारी. समोर बसून सांगायला हवं. घरी कोण आहे तिच्या?"

"तुम्हीच सांगा, मटिल्डा. कोण आहे घरी?"

"मला काय माहीत मॅडम, मी..." मटिल्डा थांबली.

आशालताबाईंनी घाई केली नाही. "त्या मंगळवारी जेवताना जितेंद्रने तुम्हाला उभं केलं होतं ना? एक मिनिट?"

"हो. पण ते तर नुसतं... तो म्हणाला, उजेड..." तिचा हात आपोआप डाव्या खांद्यावर गेला आणि पदराच्या पिनेवर थांबला. मग ती सावकाश स्टुलावर बसली. बाहेर फोन वाजत होता. ती नेहमीच्या सवयीने अर्धी उठली आणि पुन्हा बसली.

"मला खोकलापण नाही," ती म्हणाली.

"नसतो. म्हणून तर बरं."

मग ती बोलली तेव्हा तिचा आवाज फोनवर बोलण्याइतकाच मऊ होता.

"काल सकाळी चर्चमध्ये मिस्साला मी तिच्यासाठी प्रार्थना केली, मॅडम. फादरना म्हटलं, नाव माहीत नाही, पण एका बाईसाठी करा. जी कोण असेल तिला वेळेवर सापडू दे. मग मी स्वतः मेणबत्ती लावली. मोठी."

"वेळेवरच सापडली," आशालताबाई म्हणाल्या. हे त्या दिलासा द्यायला बोलत नव्हत्या. सावली लहान होती, एकटी होती, कडा अजून आटोपशीर होत्या. असे कितीतरी लोक त्यांनी पुढे वर्षानुवर्षं तपासणीला येताना पाहिले होते. "उद्या सकाळी टाऊनला जायचं. माझा विद्यार्थी आहे तिथे. मी तुमच्याबरोबर येणार आहे, आणि ऑपरेशनच्या दिवशीही येणार आहे."

मटिल्डाने मान हलवली. मग तिचा चेहरा विरघळला आणि ती रडू लागली, मोठ्याने, लाज न धरता, आजवर बाकड्यावर बसलेल्या ज्या कितीतरी जणींना तिने उगी उगी केलं होतं त्यांच्यासारखीच. आशालताबाईंनी खुर्ची तिच्या शेजारी ओढली, तिचा हात आपल्या हातात घेतला आणि ती थांबेपर्यंत तशाच बसून राहिल्या.